तिसरा नियम आणि आमचे अध्यक्ष

फुटबॉलचे नियम एकूण सतरा. त्यातला तिसरा खेळाडूंच्या संख्येचा आणि बदलीचा. त्याच्या पोटात एक बारीकसं कलम आहे, तिकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ज्याला बाहेर काढायचंय तो खेळाडू यायला तयार नसेल, तर खेळ पुढं चालू ठेवायचा. बस, एवढंच. रेफरीनं त्याला हाताला धरून बाहेर आणायचं नाही. त्याचं आणि त्याच्या कोचचं काय ते त्यांनी बघून घ्यायचं.

आमच्या फुटबॉल मंडळाच्या अध्यक्षांना हा नियम पाठ आहे. उरलेल्या सोळांबद्दल, विशेषतः अकराव्या म्हणजे ऑफसाइडच्या नियमाबद्दल, तसं म्हणता येणार नाही.

या कलमाचा जगातला सगळ्यात गाजलेला वापर केला तो चेल्सीचा गोलकीपर केपानं. २४ फेब्रुवारी २०१९, वेम्बली, लीग कपची फायनल, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर सिटी. जादा वेळ संपत आलेली, पेनल्टी तोंडावर, कोच सारीनं दुसरा गोलकीपर कडेला उभा केलेला, आणि केपा तिकडून हात हलवून सांगतोय, मी नाही येत. सारी चिडून ड्रेसिंग रूमच्या बोगद्याकडं निघाला, परत आला, पण केपा काही आला नाही. चेल्सी पेनल्टीवर हरली. नंतर क्लबनं केपाचा एका आठवड्याचा पगार कापला. तिथं पगार कापायला क्लब तरी होता. आमच्याकडं कुणाला दंड करायचा तर पत्रावर अध्यक्षांची सही लागते.

जरा सविस्तर सांगतो, कारण हे वाचणारे सगळेच कोल्हापूरचे नसणार. आमच्याकडं फुटबॉलची टीम कंपनीची नसते, पेठेची असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही मुळात तालमींची नावं. जिथं लाल माती आणि लेझीम होती तिथंच पुढं बॉल आला. शाहू स्टेडियमवर मोठ्या टीमा समोरासमोर आल्या की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात, आणि सामना कुणी जिंकला हे निकाल ऐकायच्या आधी फटाक्यांची दिशा ऐकून कळतं. याच गावातून निघालेला अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. तेव्हा हा काही हौसेचा मामला नाही.

आमचं मंडळ त्या मोठ्या नावांतलं नाही. आम्ही खालच्या गटातले. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात बॉल आणि किट येतं, पावसाळ्यात सराव कुठं करायचा याची दरवर्षी नव्यानं पंचाईत होते. मी शाळेत खेळाचा मास्तर आणि संध्याकाळी या टीमचा कोच. अध्यक्ष आणि मी एकाच वर्गात होतो. शाळेच्या टीममध्ये ते फॉरवर्ड, मी स्टॉपर, म्हणजे मागं बचावाला. चहाच्या टपरीवर आम्ही अजून अरे-तुरेतच बोलतो. मंडळाच्या ऑफिसात मात्र ते ‘अध्यक्ष’ आणि मी ‘मास्तर’. मैदानावर काय म्हणायचं ते आजवर ठरलेलं नाही, म्हणून मी शक्यतो शिट्टी वाजवतो.

त्यांचं वय आता एकोणपन्नास. दरवर्षी खेळाडू नोंदणीचे फॉर्म येतात तेव्हा सगळ्यात आधी त्यांचा फॉर्म भरलेला असतो, फोटोसकट. फोटो मात्र बराच जुना आहे. दहा नंबर त्यांचा. फ्रीकिक त्यांची, पेनल्टी त्यांची. आणि खोटं कशाला बोला, फ्रीकिक ते खरंच चांगली मारतात. डावा पाय अजून शाबूत आहे. उजवा, गुडघे आणि दम याबद्दल बोलायला नको.

त्यांच्या बाजूनंही सांगायला हवं. टीमचं डिपॉझिट ते भरतात. एका पोराचा घोटा मुरगळला तर रात्री अकराला एक्स-रे काढून आणणारे तेच. पोरांच्या घरी कुरबूर झाली, ‘खेळून काय पोट भरणाराय का’ म्हणून बाप ओरडला, तर त्या बापाच्या दारात जाऊन बसणारेही तेच. हा माणूस नसता तर टीम केव्हाच बंद पडली असती. आणि हा माणूस नव्वद मिनिटं फॉरवर्डला उभा राहिला की टीम दहा जणांची होते. माझी अडचण अशी की ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

पोरं एकमेकांना ‘दे की रं’ म्हणून ओरडतात. अध्यक्षांकडं बॉल असला की ‘अध्यक्ष, सोडा की जरा’. तोवर समोरचा स्टॉपर येऊन बॉल घेऊन गेलेला असतो. पण याचं मला एवढं काही वाटत नाही. मला डाचलं ते वेगळंच. मागच्या मोसमात आमच्या उजव्या बाजूच्या पोरानं, एकोणीस वर्षांचा आहे, बॉक्सच्या कोपऱ्यातून अध्यक्षांना पास न देता स्वतःच मारला. गोल. सुंदर गोल. आणि गोल झाल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल, तर अध्यक्षांच्या तोंडाकडं बघितलं. ते हसले, टाळ्या वाजवल्या, त्याला जवळ घेतलं, तेव्हा कुठं तो पळत गॅलरीकडं गेला. अध्यक्ष भला माणूस आहे म्हणून ते निभावलं. पण गोल मारलेल्या पोराला आधी परवानगी बघावी लागली, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तेव्हापासून मी जगातले असले अध्यक्ष शोधायला लागलो. सापडले भरपूर.

सगळ्यांचा बाप म्हणजे रॉनी ब्रुन्सवाइक. देश सुरिनाम, दक्षिण अमेरिकेच्या वरच्या कडेला, एकेकाळी डचांचा. क्लब इंटर मोएंगोटापू. २१ सप्टेंबर २०२१ ला पारामारिबोमध्ये त्यांचा सामना होता होंडुरासच्या ऑलिंपिया क्लबशी, कॉन्काकॅफ लीगमध्ये. हा गल्लीतला सामना नव्हे, उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल महासंघाची अधिकृत स्पर्धा. इंटर मोएंगोटापूच्या पहिल्या अकरात, कॅप्टनची पट्टी बांधून, पाठीवर ६१ नंबर घेऊन उतरला क्लबचा मालक ब्रुन्सवाइक. ६१ हे त्याचं जन्मसाल. वय ६० पूर्ण. त्याच टीममध्ये त्याचा मुलगाही होता. आणि हे महाशय त्या वेळी सुरिनामचे उपराष्ट्राध्यक्ष होते. क्लबच्या स्टेडियमला नाव कुणाचं, हे विचारायची गरज नाही.

ब्रुन्सवाइक ५४ मिनिटं खेळला. मोएंगोटापू ०-६ हरली. जगभर त्याच्या ढेरीचे व्हिडिओ फिरले, लोक हसले. मी पण हसलो. पण मग माणसाची माहिती वाचत गेलो आणि हसू जरा आवरलं. हा लष्करशहा देसी बाउटर्सचा अंगरक्षक होता. पुढं त्याच्याच विरोधात उठला आणि जंगलात स्वतःची फौज उभी केली. पळून जाऊन जंगलात वसलेल्या गुलामांचे वंशज, मरून म्हणतात त्यांना, त्यांच्यातला हा. १९८६ पासून पुढं काही वर्षं सुरिनामच्या आतल्या भागात युद्ध चाललं. २९ नोव्हेंबर १९८६ ला सरकारी सैनिकांनी मोइवाना या मरून गावात शिरून किमान ३९ माणसं मारली, त्यात बायका आणि पोरंही होती. त्या भागातल्या लोकांना ब्रुन्सवाइक म्हणजे आपल्या बाजूनं उभा राहिलेला माणूस. दुसरीकडं नेदरलँड्समधल्या कोर्टानं त्याला गैरहजेरीत कोकेनच्या तस्करीबद्दल शिक्षा सुनावलेली. आता असा माणूस कॅप्टनची पट्टी बांधून सेंटरला उभा आहे, आणि कडेला कोच आहे. त्या कोचच्या जागी मी स्वतःला ठेवून बघितलं. बदलीचा बोर्ड वर करायला हात उचलला असता का माझा? ५४ व्या मिनिटाला तो बाहेर आला ते कुणाच्या सांगण्यावरून, असा प्रश्नसुद्धा तिथं विचारायची सोय नसावी.

खरी भानगड सामन्यानंतर. ब्रुन्सवाइक पाहुण्या टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि ऑलिंपियाच्या लोकांना रोख पैसे वाटताना व्हिडिओत दिसला. ज्यांनी सहा गोल मारले त्यांना! महासंघानं चौकशी करून दोन्ही क्लब स्पर्धेतून काढून टाकले, दुसरा लेग म्हणजे परतीचा सामना झालाच नाही, आणि ब्रुन्सवाइकला महासंघाच्या स्पर्धांतून तीन वर्षांची बंदी घातली. ऑलिंपियाच्या पोरांचं मला वाईट वाटतं. सहा गोल मैदानात मारून त्यांचा मोसम ड्रेसिंग रूममध्ये गेला.

यात लोकांनी वयावर फार भर दिला. वयाचं काही नाही हो. जपानचा काझुयोशी मिउरा १९६७ चा जन्म, पन्नाशी ओलांडून पुढं कितीतरी वर्षं व्यावसायिक खेळला. पण त्याला उतरवायचं की नाही, कधी उतरवायचं, हे कोच ठरवतो. कित्येकदा सामना संपता संपता काही मिनिटांसाठी उतरवतो आणि मिउरा मुकाट्यानं तेवढाच खेळतो. म्हातारा खेळाडू टीमला परवडतो. ज्याला बसवता येत नाही असा खेळाडू परवडत नाही, मग तो वीस वर्षांचा का असेना.

दुसरं टोक बघितलं बार्सिलोनाचं. हो, तीच बार्सिलोना. २२ ऑक्टोबर १८९९ च्या ‘लोस देपोर्तेस’ या खेळाच्या नियतकालिकात योआन गाम्पर नावाच्या स्विस तरुणानं निवेदन दिलं की फुटबॉल खेळायची इच्छा असणाऱ्यांनी भेटावं. २९ नोव्हेंबरला सोले जिम्नॅशियममध्ये बैठक झाली आणि क्लब निघाला. गाम्पर तेव्हा नुकता बावीस वर्षांचा झालेला. तो झाला कॅप्टन, आणि पहिला अध्यक्ष झाला वॉल्टर विल्ड, तोही स्विस, जमलेल्यांत वयानं मोठा. मोठा म्हणजे केवढा, तर सत्तावीस-अठ्ठावीस. हा विल्ड अध्यक्षही होता आणि टीममध्येही खेळायचा. ८ डिसेंबरला शहरातल्या इंग्रजांच्या टीमशी पहिला सामना झाला, सायकल शर्यतींच्या जुन्या ट्रॅकवर, आणि बार्सिलोना १-० हरली. विल्डनंतर आलेला तेरादास, आणि १९०३ ते १९०५ अध्यक्ष असलेला आर्थर विट्टी, हेही खेळाडूच. म्हणजे त्या काळात अध्यक्षानं खेळणं यात नवल नव्हतं. न खेळणारा कुठून आणायचा, हाच प्रश्न असणार.

त्यांच्याबद्दल वाचताना मला आमच्या मंडळाची सुरुवात दिसत होती. दहा-अकरा जण खेळणारे, त्यातल्या ज्याचं वय जास्त, ज्याच्याकडं सायकल आहे, ज्याला चार माणसांत बोलता येतं, तो अध्यक्ष. मैदान मागायला त्यानं जायचं, बॉल फाटला तर त्यानं शिवून आणायचा. तो बाहेर बसला तर बाकीचे दहाच उरतात, तेव्हा त्याला काढायचा विषयच येत नाही. पुढं गाम्परकडं १९०८ च्या डिसेंबरात अध्यक्षपद आलं, क्लब तेव्हा मोडकळीला आला होता, सभासद पांगले होते. पोरगा असताना सामन्यामागं दोन-दोन गोल मारणारा हा माणूस तोवर खेळायचा थांबला होता. त्यानं बूट घातले नाहीत, मैदान मिळवलं. १९०९ ला कार्रेर इंदुस्त्रियाचं स्वतःचं मैदान झालं. पुढं १९२५ पर्यंत मधूनमधून पाच वेळा तो अध्यक्ष झाला. बार्सिलोना वाचली ती फॉरवर्ड गाम्परमुळं की अध्यक्ष गाम्परमुळं, यावर आमच्या टपरीवर एक अख्खी संध्याकाळ गेली. अध्यक्षांचं मत होतं, दोन्हीमुळं. त्यांना दुसरं मत परवडणारच नव्हतं.

रोमारिओची गोष्ट त्यांना फार आवडते. १९९४ च्या वर्ल्डकपचा हिरो, पुढं ब्राझीलचा सिनेटर, आणि मग रिओच्या अमेरिका क्लबचा अध्यक्ष. एप्रिल २०२४ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यानं स्वतःचीच खेळाडू म्हणून नोंदणी केली, मुलगा रोमारिन्यो त्याच टीममध्ये म्हणून. हे अमेरिका प्रकरण घरातलंच. वडील एडेव्हाइर या क्लबचे चाहते, आणि त्यांच्यासाठी म्हणून रोमारिओ २००९ ला त्रेचाळिसाव्या वर्षी या क्लबकडून खालच्या डिव्हिजनचा एक सामना खेळलाही होता, बदली म्हणून, उत्तरार्धात. मी ‘बदली म्हणून’ या शब्दांवर बोट ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, “मास्तर, तुला वाचायला काय कमी हाय?”

आपल्याकडं भाईचुंग भुतिया. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीला बायर्न म्युनिकविरुद्ध त्याचा निरोपाचा सामना झाला, भारत ०-४ हरला, पण स्टेडियम त्याच्यासाठी आलं होतं. त्यानंतरही तो खेळत राहिला तो स्वतः उभ्या केलेल्या युनायटेड सिक्कीमकडून. ही टीम आय-लीगमध्ये चढली आणि २०१२-१३ चा एक मोसम खेळून परत खाली आली. मालक आणि स्ट्रायकर एकच. भाईचुंगला पुढं राष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष व्हायचं होतं. सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीत कल्याण चौबेला ३३ मतं पडली आणि भाईचुंगला १. चौबे गोलकीपर होता, हा भारताचा इतका मोठा फॉरवर्ड. गोल किती मारले हे मतदानात कुणी मोजत नाही, आणि बरोबरच आहे म्हणा. पण एक मत? असो.

हे सगळं वाचून माझं एक मत झालं. अध्यक्षानं खेळायला माझी हरकत नाही. पहिल्या मिनिटापासून खेळायला आहे. विल्ड खेळत होता म्हणून अध्यक्ष झाला. ब्रुन्सवाइक मालक होता म्हणून खेळला. आमचे अध्यक्ष या दोघांच्या मधे कुठंतरी आहेत आणि दरवर्षी थोडे थोडे ब्रुन्सवाइककडं सरकतायत, फौज आणि रोकड वगळून. हे त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी मंडळाच्या मासिक सभेत विषय आणला.

सभेला अध्यक्षस्थानी अर्थात अध्यक्ष. विषय क्रमांक चार, फुटबॉल संघातील खेळाडूंच्या खेळण्याच्या कालावधीबाबत. नाव घालायचं नाही असं सचिवांनी आधीच बजावलेलं, म्हणून मी मसुद्यात लिहिलं, ‘वयाची चाळीस वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूस सामन्याच्या उत्तरार्धात कमाल वीस मिनिटे खेळविण्यात यावे.’ चाळिशी पूर्ण केलेला खेळाडू टीममध्ये एकच. सूचक मी. अनुमोदक कोण म्हणून सचिवांनी विचारलं आणि सगळे पंख्याकडं बघायला लागले. खजिनदारानं वहीत डोकं घातलं. शेवटी अध्यक्षच म्हणाले, “कुणी देत नसंल तर मी देतो अनुमोदन.” सचिव म्हणाले, अध्यक्षस्थानावरून तसं देता येत नाही बहुतेक. मग यावर चर्चा. शेवटी उपाध्यक्षांनी हात वर केला, अध्यक्षांकडं बघत बघतच.

ठराव मंजूर व्हायच्या आधी अध्यक्षांनी एक दुरुस्ती सुचवली. ‘तथापि संघास पेनल्टी मिळाल्यास सदर खेळाडूस तत्पूर्वीही मैदानात उतरण्याची मुभा राहील.’ मी म्हटलं, असं कुठं असतं का? ते म्हणाले, “खेळ थांबलेला असतोय की नाही? रेफरीची परवानगी घेऊन बदली होती की नाही? मग?” नियमात बसत होतं. सचिवांनी दुरुस्तीसह ठराव लिहून घेतला. चहा अध्यक्षांकडून.

गेल्या आठवड्यात सरावाचा सामना झाला. अध्यक्ष पहिल्या हाफमध्ये खुर्ची टाकून कडेला. बॉक्सच्या बाहेर आम्हाला फ्रीकिक मिळाली, आणि त्या एकोणीस वर्षांच्या पोरानं बॉल ठेवून माझ्याकडं बघितलं, “सर, मारायची कुणी?” मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आवाज आला, “मी येईपर्यंत तूच!” पोरानं ती समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीत मारली. अध्यक्ष उठले, लाइनपर्यंत आले, आणि हाफ संपेपर्यंत डावा पाय कसा वळवायचा ते त्याला ओरडून सांगत राहिले. पोरगा उजव्या पायाचा आहे.